इनटेकमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातील) हवागळती शोधताना या चुका टाळा

गाडीचे दोषकोड वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘पी०१७१’, म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचा कोड दिसला, की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई केली जाते, आणि इथेच पहिली चूक घडते. सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर आणि इंजिन यांच्यामधल्या एखाद्या फटीतून न मोजलेली हवा आत शिरते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) मात्र मोजलेल्या हवेपुरतेच पेट्रोल सोडतो, आणि १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल हे वजनाचे प्रमाण बिघडते. ऑक्सिजन सेन्सरने ते दाखवताच ईसीयू इंजेक्टर अधिक वेळ उघडे ठेवून भरपाई करतो. फ्युएल ट्रिमचा आकडा म्हणजे हीच भरपाई.

म्हणून काहीही बदलण्याआधी गरम इंजिनाचा ट्रिम आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता) आणि मग २५०० आरपीएमवर पाहावा. आयडलिंगला थ्रॉटल (हवेची झडप) जवळपास बंद असल्याने व्हॅक्यूम जास्त आणि एकूण हवा थोडी असते, त्यामुळे लहानशा फटीतली हवाही त्यात जड ठरते. आरपीएम वाढले की तिचा वाटा घटतो. शॉर्ट (तात्कालिक) आणि लाँग (साठवलेल्या) ट्रिमची बेरीज आयडलिंगला +२० टक्के आणि २५०० आरपीएमला +४ टक्के आली, तर गळतीच शोधावी. लोड वाढेल तसा ट्रिमही चढत असेल, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर तपासावा.

एअर फ्लो सेन्सरऐवजी केवळ मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातला) दाब मोजणाऱ्या सेन्सरवर चालणाऱ्या इंजिनाला हा नियम लावू नये. तिथे गळतीने मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, ईसीयू त्या प्रमाणात इंधनही वाढवतो, आणि ट्रिम फारसा न हलता आयडलिंगच चढते.

पाइपकडे वरवर पाहून तो निर्दोष ठरवणे ही मला सर्वांत जास्त खटकणारी चूक आहे. फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतच्या रबरी पाइपच्या घडीत पडलेली चीर इंजिन स्थिर असताना मिटलेली राहते आणि गाडी वेग घेताना इंजिन हलले की उघडते. पाइप काढून, प्रत्येक घडी बोटांनी ताणून पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. पीसीव्ही (इंजिनातील वायू इनटेकमध्ये परत नेणारी झडप) आणि ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमने ब्रेक हलका करणारा भाग) यांचे होजही असेच हाताळून पाहावेत.

चालू, तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर (ज्वलनशील सफाई स्प्रे) फवारून गळती शोधू नये, कारण एक्झॉस्टवर पडलेला थेंब पेट घेऊ शकतो. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडला, तर तो फटीतून बाहेर येताना डोळ्यांनी दिसतो. दुरुस्तीनंतर लाँग ट्रिम शून्य करून आयडलिंगचा आणि २५०० आरपीएमचा असे दोन्ही आकडे पुन्हा पाहावेत.