ठिपक्यांवरून भरायची नक्षीची वही

वही ए-५ घ्यावी, म्हणजे १४.८ बाय २१ सेंमी. कागद १२० ते १५० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये; आकडा जास्त तितका कागद जाड). पातळ वहीच घरात असेल तर पानाच्या एकाच बाजूला काढा, कारण शाई मागे उमटते. पेनं दोन पुरतात: ०.३ आणि ०.८ मिमी टोकाची, दोन्ही वॉटरप्रूफ. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पंख्याखाली टोपण उघडं राहिलं की बारीक टोक अडतं. खोडरबर लांबच ठेवा. शाईची रेघ त्याने जात नाही, उलट पान खरवडतं.

कोऱ्या पानासमोर हात थबकतो, म्हणून सुरुवात अंगणातल्या रांगोळीसारखी ठिपक्यांनी करायची. ‘९ ते ५’ घ्या. मधल्या ओळीत ९ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करत ८, ७, ६, ५. प्रत्येक ओळीचा ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध आला पाहिजे. एकूण ६१ ठिपके होतात आणि षटकोन तयार होतो. बहुतेकांचं इथेच चुकतं: ठिपक्यांत १ सेंमी अंतर ठेवतात आणि ओळींतही १ सेंमी. मग पाकळ्या उभ्या ताणल्या जातात. ओळींतलं अंतर साधारण ८.७ मिमी हवं.

आता चित्र ठरवायचं नाही, फक्त एक नियम ठरवायचा. ‘दोन ठिपके जोडायचे, तिसरा सोडायचा’ किंवा ‘प्रत्येक ठिपक्याभोवती अर्धाच गोल’. आधी ०.३ ने सगळं पान फिरा, मग ०.८ ने मोजक्याच रेघा जाड करा. सगळंच जाड केलं की नक्षी चपटी दिसते. रेघ चुकली तर तीच चूक आणखी तीन ठिकाणी मुद्दाम करा, ती नियमातच जमा होते. नियम पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर महिन्याने आपलंच पान आपल्याला उलगडत नाही.

काठ काढायचा तर डावी-उजवीकडे १४ मिमी आणि वर-खाली १५ मिमी समास सोडा. आत १२ बाय १८ सेंमी उरतात, त्यात दीड सेंमीची घरं बरोबर ८ आणि १२ बसतात. कोपऱ्याची चार घरं आधी भरायची, मग दोन्हीकडून मध्याकडे यायचं. कोपऱ्यात फूल धरून फूल-मोर आलटून पालटून घेतलेत तर मधोमध दोन मोर शेजारी येणारच. तिथे तोंडं समोरासमोर करा, चूक वाटत नाही. पैठणीचा मोर काढताना गोलाई विसरा. तिथे नक्षी उभ्या-आडव्या धाग्यांतून येते, वळण पायऱ्यापायऱ्यांनीच घेते. त्यामुळे ५ मिमी चौकटींच्या कागदावर ती सहज जमते.

नमुने हवेत तर अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १ चं छत बघा. चौकोनी घरं पाडून प्रत्येकात वेगळं फूल, फळ, पक्षी रंगवले आहेत. आत उजेड कमी, म्हणून तिथे पेन्सिलीने दोन-तीन घरंच टिपा. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ.