पॅरा खेळाडूंच्या संस्थेत इंटर्न म्हणून जाताय? मग ही तयारी करून जा

अर्ज पाठवायच्या आधी संस्था नक्की कोणत्या खेळाडूंसाठी काम करते ते बघून घ्या. सगळं एकच समजून येणारे पुष्कळ असतात. पॅरालिम्पिकच्या वाटेवरचे खेळाडू भारतीय पॅरालिम्पिक समिती आणि राज्य संघटनांकडे असतात. बौद्धिक अक्षमता असलेल्यांचं मोठं काम स्पेशल ऑलिम्पिक्स भारत करते. पॅरालिम्पिकच्या ॲथलेटिक्समध्येही त्यांच्यासाठी टी२० नावाचा गट आहे, पण दोन्हींचा बाज वेगळा. कर्णबधिरांसाठी पॅरालिम्पिकमध्ये गटच नाही, त्यांच्या जागतिक स्पर्धा १९२४ पासून स्वतंत्र चालतात. पुढे लिहिलंय ते पॅरा ॲथलेटिक्सबद्दल, कारण मला तेच जवळून माहीत आहे.

होकार आला की लेखी पत्र मागा. कामाचे तास, मानधन आहे की नाही, बाहेरगावी गेलात तर भाडं आणि जेवण कुणाचं, अपघात विमा आहे का, कॉलेजला अहवाल कोण सही करून देणार. यातल्या बऱ्याच संस्था पदरमोड करून चालतात, त्यामुळे मानधन नसेलही. पण ते पहिल्याच दिवशी कळायला हवं. विचारायला संकोच वाटतो म्हणून गप्प बसू नका.

मनाची तयारी म्हणून बरेच जण प्रेरणादायी व्हिडिओ बघून येतात. त्यापेक्षा एक्सेल पक्कं करून या. पहिले दोन आठवडे तुमच्या हातात प्रवेशिकांची यादी पडणार आहे: नाव, जन्मतारीख, आधार, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा क्रमांक, क्रीडा प्रकार, गट, सर्वोत्तम कामगिरी. आधारवर ‘जाधव’ इंग्रजीत एका तऱ्हेने, यूडीआयडीवर दुसऱ्या तऱ्हेने, दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नावच गायब. या फरकापायी प्रवेशिका अडकते आणि खेळाडू घरी बसतो. मुदतीच्या चार दिवस आधी प्रत्येकाला फोन करून अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचं, असा नेम ठेवा. फोनवर बोलायचं कसं तेही ठरवून घ्या. वयाने मोठ्या खेळाडूला दादा-ताई किंवा सर-मॅडम म्हणा, सरसकट ‘बाळा’ म्हणू नका. आणि खेळाडूचं बोलणं खेळाडूशीच करा, शेजारी बसलेल्या भावाशी नाही.

आता गट. ही एक गोष्ट घरून नीट वाचून या, कारण इथे कुणाला शिकवत बसायला वेळ नसतो. टी म्हणजे धावपट्टी आणि उड्या, एफ म्हणजे फेकीचे प्रकार. ११ ते १३ दृष्टीचे, ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सीसारख्या समन्वयाच्या अडचणींचे, ४० आणि ४१ कमी उंचीचे, ४५ ते ४७ हाताचे, ५१ ते ५७ बसून खेळणाऱ्यांचे, ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून उतरणाऱ्यांचे. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं ते एफ४६ मध्ये. या गटातला खेळाडू समोरून चालत आला तर कित्येकदा काही जाणवतही नाही. तेव्हा ‘यांना काय झालंय?’ हा प्रश्न घशातच ठेवा. त्याच स्पर्धेत सुमित अंतिलसोबत भारताचा ध्वज घेऊन चाललेल्या नांदेडच्या भाग्यश्री जाधव समन्वयाच्या एफ३४ गटात, पण बसूनच, गोळा फेकतात.

गट ठरवणं हे वर्गीकरण करणाऱ्या तज्ज्ञांचं काम. तुमचं काम कागद आणि वेळ सांभाळायचं. वैद्यकीय अहवाल, फोटो, खेळाचे कपडे, बूट, कृत्रिम अवयव, स्पर्धेत वापरायचं सगळं सामान सोबत हवं. ‘थोडं जास्त दुखतंय असं दाखव’ असला सल्ला चुकूनही देऊ नका, कुणी देताना दिसला तर वरिष्ठांच्या कानावर घाला. वर्गीकरणाची किंमत किती असते ते टोकियोत दिसलं. विनोद कुमार यांनी एफ५२ थाळीफेकीत कांस्य मिळवलं, पण त्या गटात बसत नाहीत असा निर्णय आला आणि पदक गेलं.

बॅगेबद्दल. टोपी, पाण्याची बाटली हे सांगायला नको. त्याशिवाय ॲलन कीचा संच, एक पाना, सायकलचा पंप आणि पंक्चरचं सामान, केबल टाय, चिकटपट्टी, कात्री, जाड मार्कर, मापाची टेप, सेफ्टी पिनांची आख्खी पेटी. छातीवरचा नंबर लावायला दहा वाजता सगळेच पिना मागतात. हात नसलेल्या किंवा बोटांत पकड नसलेल्या खेळाडूला पिन लावून देताना आधी विचारा. कित्येकांची स्वतःची युक्ती असते. स्ट्रॉ ठेवा. पाण्याचा फवारा आणि दोन जुने सुती पंचे ठेवा, ते का ते आता सांगतो.

मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या अंगाला घाम नीट येत नाही. एप्रिलच्या उन्हात बालेवाडीच्या मैदानावर असा खेळाडू तासभर बसला तर शरीर तापतच जातं आणि त्याला ते उशिरा कळतं. मग ओला पंचा, फवारा, सावली. दुसरं, छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल तर रक्तदाब एकाएकी चढण्याचा धोका असतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम फुटतो. कारण बहुतेकदा साधंच असतं: मूत्राशय भरलंय, कॅथेटरची नळी दुमडलीये, पट्टा करकचून आवळलाय. ताठ बसवा, आडवं करू नका, पट्टे सैल करा, नळी बघायला त्यांच्या सोबत्याला सांगा आणि डॉक्टरांना तात्काळ बोलवा. तिसरं, संवेदना नसलेल्या पायाला चटका बसलेला कळत नाही. उन्हात तापलेल्या लोखंडी बाकावर कुणी सरकणार असेल तर आधी स्वतःचा हात लावून बघा. फिट आली तर कुशीवर वळवा, आसपासच्या वस्तू बाजूला करा, वेळ मोजा. कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावणारा एक तरी काका प्रत्येक मैदानावर असतो, त्याला हात जोडून लांब ठेवा.

निवासाची जागा आधी जाऊन बघणं हे इंटर्नच्या वाट्याला येतंच, आणि माझ्या मते सबंध यादीत सर्वांत महत्त्वाचं काम हेच. २०१५ मध्ये गाझियाबादच्या राष्ट्रीय पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धेत खेळाडूंच्या राहण्याची आणि स्वच्छतागृहांची दैना देशभर बातम्यांत आली आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने भारतीय समितीला निलंबित केलं. तेव्हा व्यवस्थापकाच्या ‘सगळं आहे साहेब’वर जाऊ नका. टेप काढा. नेहमीची व्हीलचेअर पासष्ट सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते आणि जुन्या वसतिगृहांतल्या न्हाणीघरांची दारं पुष्कळदा त्याहून अरुंद. आत शिरल्यावर वळायला जागा आहे का, भारतीय बैठक असेल तर कमोडची खुर्ची बसेल का, नळ बसून हाताला लागतो का, रात्री दिवा कुठे. रॅम्प आहे एवढ्याने भागत नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. घसरगुंडीसारखा उभा रॅम्प बांधून ठेवणाऱ्यांनी स्वतः एकदा खुर्चीत बसून चढून दाखवावं. फोटो काढा, माप लिहा आणि ‘चालेल/चालणार नाही’ असं स्पष्ट लिहून पाठवा.

प्रवासाचंही तसंच. कोणाला खालचा बर्थ, कोणासोबत कोण, डबा फलाटावर कुठे थांबतो, लिफ्ट चालू आहे का. फेकीच्या खुर्च्या जड असतात, त्या कुठल्या डब्यातून किंवा टेम्पोतून जाणार ते आदल्या आठवड्यात ठरलेलं असावं.

या फेकीच्या खुर्चीशी ओळख करून घ्या. पाइप आणि पत्र्याची चौकट, वर सपाट बैठक, उशीसकट उंची ७५ सेंटीमीटरच्या आत. पंच टेप लावून मोजतात. खेळाडू आत येण्याआधी खुर्ची वर्तुळात ठेवून पट्ट्यांनी जमिनीतल्या कड्यांना आवळायची असते. पट्टा ओढताना खुर्ची एका अंगाला सरकते, मग समोरचा सैल करून परत सरळ करायची. शेवटी दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायची. हलली तर फेक वाया. त्यानंतर खेळाडू स्वतः सांगेल तसा पाय आणि कंबर बांधायची, ‘अजून एक दात’ म्हटलं की पट्ट्याच्या खटक्याचा एकच दात. फेकताना बूड बैठकीवरून उचललं गेलं तर फाऊल, म्हणून ही बांधाबांध ते जिवापाड जपतात. सरावाच्या दिवशी हे दोन-तीनदा करून बघा, स्पर्धेच्या दिवशी शिकायला जाऊ नका.

टी११ च्या धावण्यात डोळ्यांवर पट्टी आणि सोबत दोरीने जोडलेला गाइड रनर असतो. गाइडने ओढायचं नाही आणि शेवटच्या रेषेवर खेळाडूच्या आधी पोचायचं नाही, नाहीतर दोघंही बाद. याच गटाची लांब उडी चालू असेल तेव्हा मोबाइल बंद आणि तोंडही बंद. खेळाडू हाक देणाऱ्याच्या टाळीवर धावत असतो. ‘कमॉन दादा’ ओरडणारा त्याला वाळूच्या बाहेर पाठवू शकतो.

व्हीलचेअरला न विचारता हात लावू नका, मागून ढकलायला तर मुळीच नाही. बॅग अडकवायला तिची दांडी वापरू नका. अंध खेळाडूला धरून नेण्याऐवजी आपली कोपर पुढे करा, ते धरतील. अल्पवयीन खेळाडूंसोबत एकट्याने खोलीत थांबायचं नाही, कपडे बदलायच्या जागी जायचं नाही, अंगाला हात लावून करायची मदत त्याच लिंगाच्या सोबत्याने करायची. हे नियम तुमच्याही रक्षणासाठी आहेत.

गोळ्या-औषधं कुणालाही द्यायची नाहीत. डोकेदुखीचीसुद्धा नाही, घरची काढ्याची पुडीही नाही. उघडलेली पाण्याची बाटली पुढे करू नका. उत्तेजक चाचणीसाठी खेळाडूने आपला ठावठिकाणा कळवण्याचे नियमही समजून घ्या: बॅडमिंटनपटू प्रमोद भगत यांच्यावर बारा महिन्यांत तीनदा ते चुकल्यामुळे अठरा महिन्यांची बंदी आली आणि टोकियोचा सुवर्णविजेता पॅरिसला मुकला. खेळाडूने ती माहिती भरायला तुम्हाला सांगितलं तरी जबाबदारी त्याचीच राहते, म्हणून भरल्यावर त्याला दाखवल्याशिवाय पाठवू नका.

सोशल मीडियाचं काम दिलं तर मजकुरात आधी प्रकार, गट आणि आकडा लिहा. अपघात कसा झाला ही कहाणी खेळाडूने स्वतः सांगितली आणि छापायला हो म्हटलं तरच. लहान मुलांच्या फोटोला पालकांची लेखी संमती. आणि खुर्चीतल्या माणसाचा फोटो गुडघ्यावर बसून घ्या.

स्पर्धा संपली की सगळे गाडीकडे पळतात. तुम्ही प्रमाणपत्रांच्या टेबलाशी जा. शासकीय नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी हाच कागद पडताळणीला जातो. नाव, प्रकार, गट, क्रमांक, तारीख, सही, शिक्का, एकेक बघा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, कारण एकदा आयोजक आपापल्या गावी पांगले की त्या एका शिक्क्यासाठी खेळाडूला महिनोन्महिने फोन करत बसावं लागतं. प्रत्येकाचा फोटो काढून फोल्डरमध्ये टाका, मग गाडीत बसा.