इ-वेस्ट रजिस्ट्रेशनमधे अडकलो होतो, कसं सुटलं ते सांगतो

आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, राउटरसाठीचे मिनी यूपीएस बनवून आमच्याच ब्रँडने विकतो. मोठा डीलर म्हणाला ईपीआर नंबर (म्हणजे विकलेल्या मालाच्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची जबाबदारी घेणारी नोंदणी) द्या मगच ऑर्डर, आणि मी म्हणत होतो की राज्याच्या प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र आहे की आपल्याकडं. तेच चुकलं. ते कारखाना चालवायला असतं, माल विकायला नाही.

इ-वेस्टचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, नोंदणी केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या पोर्टलवर. सूक्ष्म उद्योगांना सूट आहे, पण आमचं उद्यम आता लघु झालंय, त्यामुळं ती गेली. आधी एजंटनं फक्त मॅन्युफॅक्चरर म्हणून भरलं होतं, पण स्वतःच्या ब्रँडने विकतो म्हणजे प्रोड्युसर पण आपणच, आणि दोन्हीसाठी वेगवेगळी नोंदणी लागते, हे मी स्वतः नियम वाचले तेव्हा कळलं. मग प्रोड्युसरचा अर्ज घरी बसून मीच भरला.

अजून एक, आत लिथियम बॅटरी असेल तर बॅटरीच्या नियमांखाली वेगळी नोंदणी आहे, ती विसरू नका राव. इ-वेस्टची आणि बॅटरीची, दोन्ही आली, ऑर्डर सुटली. आता तिमाही रिटर्न पुढच्या महिन्याअखेर भरायचं, मोबाइलवर रिमाइंडर लावून ठेवलाय.