नसेला मार लागलाय? गोळ्यांच्या भरवशावर महिने घालवू नका

ऊसतोडीत कोयता मनगटावर बसतो, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात पत्र्याची कड लागते, खानापूरच्या रस्त्यावर गाडी घसरून दंडाचं हाड मोडतं. टाके पडतात, प्लास्टर होतं, जखम भरते. पंजा मात्र उचलत नाही, कारण आतली नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) दुखावलेली असते. मग मेडिकलमधून मिथाइलकोबालामिनच्या (बी-१२ जीवनसत्त्वाच्या) गोळ्या सुरू होतात, आणि सगळे निवांत.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बी-१२ कमी असेल तर ही गोळी हवीच. पण तुटलेली नस ती जोडत नाही, आणि नसेची वाढ नक्की वेगानं करणारं औषध आज बाजारात नाही. नस साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढते. कोपराजवळ तुटली तर पंजातल्या बारीक स्नायूंपर्यंतचं २५-३० सेंटीमीटर अंतर कापायला आठ ते दहा महिने जातात. इकडे नसेविना पडलेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांत कायमचा निकामी होतो. हिशेब तुम्हीच करा. धारदार वस्तूनं कापून बोट बधिर झालं, हलेना झालं, तर त्याच आठवड्यात प्लास्टिक किंवा हाताच्या सर्जनला दाखवा. हाड मोडून किंवा दबून नस बसली असेल तर बऱ्याचदा ती आपोआप सुधारते. तरी तीन-चार आठवड्यांनी ईएमजी-एनसीव्ही (नस आणि स्नायूंची विजेच्या यंत्रावरची तपासणी) करून घ्या. त्याआधी केलेला रिपोर्ट अर्धवटच सांगतो. तीन महिन्यांत काहीच हालचाल नसेल तर ‘बघू अजून’ म्हणू नका.

प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन या गोळ्या आग आणि मुंग्यांसाठी. ताकद त्यांनी येत नाही, झोप मात्र येते. गोळी घेऊन ट्रॅक्टरवर बसू नका, आणि मनानं एकदम बंदही करू नका. ‘नसेचं टॉनिक’ म्हणून बी-६ चा मोठा डोस महिनोन्‌महिने घेणारेही भेटतात. त्यानं उलट नसाच बिघडतात.

बधिर हाताला गरम विटेचा शेक तर नकोच. चटका कळत नाही, फोड येतो तेव्हा कळतं.

मनगट लोंबत असेल तर स्प्लिंट (आधाराची पट्टी) लावा आणि दुसऱ्या हातानं प्रत्येक बोटाचा सांधा रोज पूर्ण हलवा. नस नाहीच परतली, तरी चालता स्नायू दुसरीकडे वळवून मनगट उचलतं करण्याची शस्त्रक्रिया पुढेही करता येते. मात्र आखडलेल्या सांध्यावर ती करून उपयोग होत नाही.