रोजचा जिक्र टिकत नाही? या चुका टाळा

बोटात अडकवायचं ते छोटं डिजिटल काउंटर घेतलं तेव्हा मी जिक्रसाठी, म्हणजे अल्लाहच्या नामस्मरणासाठी, ठरवलं होतं, दिवसाला हजार वेळा 'सुब्हानल्लाह'. अकरा दिवस जमलं. बाराव्या दिवशी बातम्या बघता बघता लक्षात आलं, अंगठा बटण दाबतोय, आकडा सातशेच्या पुढे गेलाय आणि ओठ केव्हाचे बंद आहेत. मग महिनाभर काहीच नाही.

झेपणार नाही एवढ्यापासून सुरुवात करायची, ही पहिली चूक. रमजानच्या जोशात मोठा आकडा धरायचा आणि पुढचा शव्वाल महिना लागला की सगळंच सोडायचं, हे कित्येकांचं होतं. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस (पैगंबरांचं वचन) 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे: अल्लाहला सर्वांत प्रिय अमल (कृती) तो, जो थोडा का होईना पण नेमाने होतो. म्हणून आधी फर्ज (अनिवार्य) नमाजनंतरची तसबीह, म्हणजे मोजून करायचा जप, धरा. ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३३ वेळा अल्लाहु अकबर, आणि शंभर पुरे करायला एकदा 'ला इलाहा इल्लल्लाहु वहदहू ला शरीक लहू' हा पूर्ण कलमा. शेवटचा सलाम फेरून नमाज संपली की जागेवरून उठायचं नाही, एवढंच पथ्य. पाचही वेळा जड जात असेल तर एकीपासून सुरू करा. मी मगरिब (सूर्यास्तानंतरची नमाज) धरली; फज्रनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) डोळ्यांवर इतकी झोप असायची की मोजणी दर वेळी चुकायची.

दुसरी चूक घाईची. 'सुब्हानल्लाह'चं 'सुभाल्ला-सुभाल्ला' होतं आणि तेहेतीस कधी संपले ते कळतही नाही. शब्द ओढला तरी बिघडतो: 'अकबर'चं 'अकबार' केलं की अरबीत अर्थच बदलतो, आणि सुरुवातीचा 'अ' ताणून 'आल्लाहु' म्हटलं तर वाक्य प्रश्नार्थक होतं. एका श्वासात एकदाच म्हणून बघा, वेग आपोआप उतरतो. अर्थही माहीत हवा: अल्लाह प्रत्येक उणिवेपासून पाक आहे, सर्व स्तुती त्याचीच, तो सर्वांहून मोठा. आकड्याचा फारच सोस असेल त्यांनी पैगंबरांच्या पत्नी हजरत जुवैरिया (रजि.) यांचा प्रसंग आठवावा. फज्रला पैगंबर (सल्ल.) बाहेर पडले तेव्हा त्या जिक्र करत बसल्या होत्या, दिवस वर आल्यावर ते परतले तरी त्या तिथेच. तेव्हा पैगंबरांनी सांगितलं, तुझ्याकडून गेल्यावर मी चार वाक्यं तीन वेळा म्हटली, ती तुझ्या सकाळभरच्या जिक्रसोबत तोलली तर भारी ठरतील.

सगळ्यांत जास्त लोक अडकतात ते तिसऱ्या ठिकाणी. 'मन लागत नाही, मग नुसती जीभ हलवून काय उपयोग?' ऐकायला हे प्रामाणिक वाटतं आणि त्यातच जिक्र सुटतो. अलेक्झांड्रियाचे सूफी इब्न अताउल्लाह (मृत्यू १३०९) यांचा सल्ला नेमका उलटा आहे: मन हजर नाही म्हणून जिक्र सोडू नकोस, कारण जिक्र करताना गाफील असण्यापेक्षा जिक्रच नसणं जास्त वाईट. जीभ चालू राहिली तर मनाला परत यायला जागा राहते. मन भटकलं की चिडू नका. जिथे लक्षात आलं तिथून पुढचा शब्द नीट उच्चारा.

या तक्रारीच्या मुळाशी एक अपेक्षा असते. कुरआनच्या १३व्या सूरहची (अध्यायाची) २८वी आयत (वचन) सगळ्यांना पाठ असते: अल्लाहच्या स्मरणानेच हृदयांना समाधान लाभतं. मग लोक डोकेदुखीची गोळी घेतल्यासारखी वाट बघतात, आला का सुकून? पण आयतीतलं क्रियापद आहे 'तत्मइन्नु', आपण बोलतो त्या 'इत्मिनान'च्याच धातूचं. ते ठाव लागणं आहे, स्थिरावणं आहे. जातं ओढून हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना घट्टे पडले होते. त्या वडिलांकडे, म्हणजे पैगंबरांकडे, नोकर मागायला गेल्या. पैगंबरांनी त्यांना आणि त्यांचे पती हजरत अलींना झोपताना म्हणायची तसबीह दिली, ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर, आणि सांगितलं, हे तुमच्यासाठी नोकरापेक्षा चांगलं. जातं तिथेच राहिलं! तरी ती तसबीह हजरत अलींनी पुढे कधीच सोडली नाही. सिफ्फीनच्या लढाईच्या रात्रीही नाही? असं कुणी विचारलं, तर म्हणाले, सिफ्फीनच्या रात्रीही नाही. ती लढाई ६५७ सालची, म्हणजे पैगंबरांच्या वफातीनंतर (निधनानंतर) पंचवीस वर्षांनी.

काही चुका गैरसमजातून होतात. वजू (नमाजपूर्वी हात-पाय-तोंड धुणं) नाही, मासिक पाळी चालू आहे म्हणून जिक्र बंद ठेवायचं कारण नाही. तसबीह आणि इस्तिगफार (क्षमायाचना) तेव्हाही चालतात. कुरआनात तर उभ्याने, बसून, कुशीवर पडून स्मरण करणाऱ्यांचं वर्णन आहे. शौचालयात मात्र जीभ आवरावी. आवाजाचंही तसंच. प्रवासात सहाबा (पैगंबरांचे साथीदार) मोठमोठ्याने तकबीर ('अल्लाहु अकबर') म्हणू लागले तेव्हा पैगंबरांनी त्यांना सांगितलं, स्वतःवर दया करा, तुम्ही कुण्या बहिऱ्याला किंवा गैरहजराला हाक मारत नाही.

आणि ते फिरत येणारे मेसेज: 'हा वजीफा (ठरावीक जप) अमुक हजार वेळा, सात दिवसांत नोकरी.' हदीसचा हवाला नसेल तर पुढे पाठवू नका. तसबीहची माळ हातात आहे म्हणून राहिलेली फर्ज नमाजही फिटत नाही.

नेम चुकलाच तर? 'आता सोमवारपासून' म्हणून पुढे ढकलू नका. हजरत उमर (रजि.) यांच्याकडून मुस्लिममध्ये आलेली हदीस आहे: रात्रीचा नेमाचा पाठ झोपेमुळे राहिला आणि तो फज्र ते जुहरच्या (दुपारच्या नमाजच्या) दरम्यान केला, तर रात्रीच केल्यासारखा लिहिला जातो. माझं काउंटर आता खणात पडून असतं. मोजणी बोटांवर, तीन पेरांच्या हिशेबाने: दोन्ही हातांची दहा बोटं झाली की तीस, वर अंगठ्याची पुन्हा तीन.