जुना कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? या चुका टाळा

परभणीत मी दुरुस्तीचं काम सुरू केलं तेव्हा घरोघरी पेंटियम फोर होते. आज त्याच घरांतून दहा-बारा वर्षं वापरलेलं आय-थ्री मशीन येतं, आणि कॅबिनेट काउंटरवर टेकवता टेकवता वाक्य मात्र तेच असतं: "दादा, सारखं बंद पडायलंय. फॉरमॅट मारून द्या."

या वाक्याचा मला खरोखर त्रास होतो. काय बिघडलंय ते कुणी पाहिलेलं नसतं, उपाय मात्र घरूनच ठरवून आणलेला असतो. मी आधी एकच विचारतो: नेमका बंद कसा पडतो? फटकन सगळं काळं होतं, की निळा पडदा येतो, की चित्र आहे तिथंच थिजतं आणि माउसही हलत नाही? बहुतेकांनी हे नीट पाहिलेलंच नसतं, आणि अर्धं निदान तर इथंच असतं. दिवा विझावा तसा फटकन बंद पडत असेल तर मी आधी वीज आणि उष्णता तपासतो. निळा पडदा येत असेल तर रॅम (मेमरीची पट्टी), ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) किंवा डिस्क. आणि थिजून राहिला असताना कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा एकसारखा पेटलेला असेल, तर पहिला संशय हार्ड डिस्कवर.

फॉरमॅट मारायची घाई

मानवतजवळच्या एका गावातले निवृत्त गुरुजी. गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घ्यायच्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर साठवायच्या, हा त्यांचा बारा वर्षांचा नेम. सगळं डेस्कटॉपवर. एकेका बाईच्या नावाचं एकेक फोल्डर. त्यातल्या कितीतरी जणी आता हयात नाहीत.

दिवाळीनंतर मशीन बंद पडायला लागलं. संभाजीनगरला शिकणारा पुतण्या आला होता, त्यानं विंडोज नव्यानं टाकून दिलं. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला तरी डी ड्राइव्ह तसाच राहतो, एवढं त्याला ठाऊक होतं. पण डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हचाच एक कोपरा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस मशीन चाललं, परत बंद. परत फॉरमॅट. असं तीन वेळा झालं, मधल्या काळात दोन-तीन गेमही टाकून झाले.

गुरुजी कॅबिनेट धोतराच्या फडक्यात बांधून एसटीनं माझ्याकडं आले. मी झाकण उघडून टेबलावर चालवलं, चार तास खणखणीत चाललं. मीही तिथं चुकलो. माझ्याकडं चालतंय म्हणजे बरं आहे असं समजून परत दिलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, "दहा मिनिटांत गेलं बघा."

मग मी त्यांच्या घरी गेलो. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, पाठ भिंतीला टेकलेली. शेजारी खिडकी, खिडकीखालून जिनिंगकडं जाणारा रस्ता. डिसेंबर महिना, दिवसभर कापसाच्या गाड्या. प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्या दिसेचनात. रुई आणि धूळ बसून करड्या रंगाचा जाड थर झाला होता. नखानं कडेला उचकटला तर गोधडीचा तुकडा निघावा तसा अख्खा निघून हातात आला, आणि पात्यांच्या फटी त्याच्यावर ओळीनं उमटलेल्या होत्या. पंखा फिरत होता, पण वारा त्या थरावरच अडत होता. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, ९० अंशांच्या वर दिसणारं तापमान साफ केल्यावर ५२ वर आलं. माझ्या टेबलावर झाकण उघडं होतं आणि वर छताचा पंखा होता, म्हणून तिथं ते तग धरून होतं. विंडोजचा यात काडीचाही दोष नव्हता.

ओव्यांचं काय झालं ते सांगतो. फाइल पुसली जाते तेव्हा आधी फक्त तिची नोंद जाते, मजकूर डिस्कवर तसाच असतो. पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की तो कायमचा गेला. नवं विंडोज टाकलं की वीसेक जीबी नवं लिखाण होतं. इथं ते तीन वेळा झालं होतं, वर गेम. रिकव्हरी सॉफ्टवेअरनं बरंच वर काढलं, पण फाइलींची नावं गेलेली आणि पुष्कळ आवाज मधेच तुटलेले. गुरुजी तीन दिवस दुकानात हेडफोन लावून बसले होते. पहिली ओळ ऐकायची, आवाज कुणाचा ते ओळखायचं आणि वहीत नाव लिहायचं. काही आवाज आलेच नाहीत. ती नावं त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी लिहिली.

म्हणून माझा नियम पक्का आहे. मशीन कशानंही बंद पडत असो, स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी डेटा बाहेर काढायचा. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, टॅलीचा डेटा, बसवलेले मराठी फॉन्ट, सगळं. विंडोज सुरूच होत नसेल तर लिनक्स मिंटचा (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम) पेन ड्राइव्ह करून त्यावरून मशीन चालू करा, डिस्कला हात न लावता फाइली कॉपी करता येतात. किंवा डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. तास-दोन तास जातील. जाऊ द्या.

साफसफाई करताना

कापसाच्या हंगामात आणि तुरीच्या मळणीत आपल्याकडं हवेत जे उडतं, ते पुण्या-मुंबईच्या बंद खोलीत उडत नाही. "वर्षातून एकदा साफ करा" हे तिकडचं गणित इकडं लागू पडत नाही. मी दोनदा सांगतो: होळीच्या सुमाराला, उन्हाळा तापायच्या आधी, आणि दुसऱ्यांदा दिवाळीला.

वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेट अंगणात न्या. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो नेहमीपेक्षा कितीतरी जोरात फिरतो, बेअरिंग जातं, आणि उलटी वीज तयार होऊन मदरबोर्डकडं जाऊ शकते. ओलं फडकं आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही दूर ठेवा.

नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते हीटसिंक परत बसवताना. इंटेलच्या जुन्या मशीनमध्ये त्याला चार प्लॅस्टिकचे पाय असतात. तीन पाय बसतात, चौथा बसल्यासारखा दिसतो. हीटसिंक केसभर तिरका राहतो, आणि साफ केल्यावर मशीन आधीपेक्षा लवकर बंद पडायला लागतं. मग लोक म्हणतात, उघडल्यामुळं बिघडलं. पाय कर्णरेषेत दाबायचे, समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन. प्रत्येकाचा टक आवाज आला पाहिजे. त्यानंतर बोर्डाच्या मागून पाहा, चारही टोकं सारखी बाहेर आलेली दिसली पाहिजेत. मी आजही बॅटरी लावून मागून पाहतो. एएमडीचं मशीन असेल तर हीटसिंक सरळ वर ओढू नका. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे उष्णता पोचवायला लावलेल्या थर्मल पेस्टचा थर वाळलेला असतो, त्यामुळं प्रोसेसरच चिकटून वर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी मशीन थोडं चालवून गरम करा, मग बंद करून हलकं पिळून काढा.

थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्याशिवाय तिच्यावर नवी लावू नका.

भिंतीतली वीज न तपासणं

हे मी सांगितलं की लोकांना वाटतं विषय टाळतोय. पण फटकन बंद पडणाऱ्या मशीनमध्ये मी विजेला उष्णतेच्या बरोबरीनंच धरतो.

कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला उघडं बोट लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडं छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात. अर्थिंग असेल तर त्यातून येणारी किंचित वीज जमिनीत जाते. नसेल तर पत्रा निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असतो म्हणून माणूस वाचतो. पण पत्र्यावरचा तो दाब यूएसबीतून, केबलमधून बोर्डाला छळत राहतो. तीन पिनेचा टॉप दोन पिनेच्या सॉकेटात बसावा म्हणून मधली जाड पिन कापलेली मी किती घरांत पाहिली असेल. ती पिन कापू नका, सॉकेट बदलून घ्या.

दुसरी गोष्ट खास आपल्या मातीची आहे. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढी भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, आणि पावसाळ्यात ठीक असलेली अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरती उरते. सेलूकडच्या एका घरी मशीन फक्त मार्च ते जून बंद पडायचं. दोन एसएमपीएस बदलून झाले होते. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजला तर ३८ व्होल्ट. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. खड्ड्यात मीठ-कोळसा नव्यानं भरला, आठवड्यातून दोन बादल्या पाणी सुरू केलं. त्यानंतरचा उन्हाळा मशीननं विनातक्रार काढला. एवढं वाचून स्वतः भिंतीवरचा विजेचा बोर्ड उघडू नका, मोजायचं काम वायरमनचंच आहे.

मशीन बंद पडायची वेळ लिहून ठेवायला मी सगळ्यांना सांगतो. फ्रिज सुरू झाला तेव्हा? शेजारच्या बोअरची मोटार लागली तेव्हा? लाइट येता-जाताना? आठ दिवसांची अशी चिठ्ठी आणली तर माझं काम निम्म्यानं कमी होतं.

यूपीएसवर आंधळा विश्वास ठेवू नका. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, आणि मग तोच यूपीएस दाब जरा हलला की मशीनला खाली पाडतो. दोन दिवस यूपीएस काढून थेट चालवून पाहा.

एसएमपीएस मी कधीही कॅबिनेटबरोबर फुकट आलेला वापरत नाही. त्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, हातात घेतला तर डब्याएवढा हलका. बायोसमध्ये १२ व्होल्टची ओळ पाहा. ११.४ च्या खाली जात असेल तर बदला. पैसे वाचवायचेच असतील तर कीबोर्डवर वाचवा, इथं नको.

बाकीच्या चुका

निळा पडदा दिसायच्या आत मशीन रीस्टार्ट होत असेल तर सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन ऑटोमॅटिक रीस्टार्टची खूण काढा. पडदा थांबेल, त्यावरच्या कोडचा मोबाइलनं फोटो घ्या.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, "कर्नल-पॉवर ४१" दिसलं की पोरं धावत जाऊन नवा एसएमपीएस घेतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद झालं नाही. का, ते ती सांगत नाही.

रॅमची सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरानं हलकी पुसा, कीस झटका, एकावेळी एकच पट्टी लावून चालवा. मेमरीची चाचणी दहा मिनिटांत उरकू नका, रात्रभर लावून झोपा. या एका बाबतीत घाई करणाऱ्यांनी माझ्याकडून विनाकारण मदरबोर्ड बदलून मागितले आहेत. दुसऱ्या पट्टीतला एक बिघडलेला कण चौथ्या तासाला सापडतो.

हार्ड डिस्क टकटक करत असेल किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पिवळी खूण दिसत असेल तर डिस्क दुरुस्त करायची किंवा डीफ्रॅगची (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायची) कुठलीही कमांड आधी चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला आपण पळायला लावतो. आधी कॉपी, तीही महत्त्वाच्या फोल्डरपासून. खूण निळी असेल आणि तरीही थिजत असेल तर डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटाची केबल बदलून बघा, शंभर रुपयांच्या आत येते.

दर वेळी तारीख मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर २०३२ सेल बदला.

दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत. "एका क्लिकमध्ये पीसी फास्ट" म्हणणारी सॉफ्टवेअर काढून टाका. क्रॅक केलेलं काहीही टाकलेलं असेल तर माझ्याकडं आणताना ते लपवू नका, शोधण्यात तुमचेच पैसे जातात.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या आय-थ्रीवर ते खटपटी करून बसवून मागू नका. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, टाका आणि लिनक्स मिंट लावा. पत्र लिहिणं, इंटरनेट, पोरांचा अभ्यास, सगळं त्यावर होतं.

आणि बोर्ड पाहताना कपॅसिटरच्या माथ्याकडं लक्ष द्या. माथा सपाट असला पाहिजे. फुगलेला असेल किंवा त्यावर तपकिरी काही वाळलेलं असेल तर जुन्या बोर्डावर खर्च करू नका, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. तेव्हा फक्त डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घाला, वर मार्करनं घरच्या माणसाचं नाव आणि तारीख लिहा, आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा. गुरुजींची तशी डिस्क माझ्याकडंही एक आहे, दुसरी प्रत म्हणून.