शेजाऱ्याने हरणांना बोलावलं तर

इंग्लंडमध्ये लडलोच्या आजूबाजूला, म्हणजे श्रॉपशर-हेरफर्डशरच्या शिवेवर, हल्ली आपली माणसं बरीच येताहेत. कुणी हॉस्पिटलात कामाला, कुणी केअर होममध्ये. घर, बँक, जीपी (इथला फॅमिली डॉक्टर) यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. पण एखादा शेतकरी शेजारी "शनिवारी पहाटे हरणांना येतोस का?" असं, म्हणजे हरणांच्या शिकारीचं, विचारतो आणि मग मला फोन येतात. म्हणून हे एकदाचं लिहून ठेवतो.

बोलावलं तर जा. "शिव शिव, आम्ही नाही त्यातले" म्हणणारे आणि शेजाऱ्याची रायफल खांद्याला लावून फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकणारे, असे दोन्ही नमुने आपल्यात आहेत. शेजारी दोघांनाही पुन्हा विचारत नाही. इथल्या लोकांना हे शेतीचंच एक काम वाटतं. हरणाला खाणारं मोठं जनावर या देशात उरलेलं नाही. हरणं वाढतात, नव्या लागवडीचे कोंब खातात, रात्री गाड्यांपुढे येतात. गोळी झाडायची नसेल तर दुर्बीण घेऊन सोबत बसा. शाकाहारी असाल तर आधी सांगा, कुणालाही राग येत नाही.

आमच्याकडे फॅलो, रो आणि मुंटजॅक या जातींची हरणं दिसतात. इथल्या मॉर्टिमर फॉरेस्टमधल्या काही फॅलोंच्या अंगावर लांब केस असतात. असा कळप दुसरीकडे कुठे नाही. मुंटजॅक चीनकडून आणलेला, आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचा चुलतभाऊ. भुंकतोही तसाच. रो नराचा हंगाम १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, मादीचा १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. मुंटजॅकला बारा महिने मुभा. सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास, एवढ्या वेळात हरणावर गोळी चालवता येत नाही. हे इंग्लंडचं, स्कॉटलंडचे नियम वेगळे.

स्वतःचा परवाना नसला तरी वय १७ पूर्ण असेल तर पाहुण्याला रायफल वापरता येते. मात्र जागा खासगी हवी, परवानाधारक जवळच हवा, आणि तिथे शिकारीला परवानगी देण्याचा हक्क त्याचा स्वतःचा तरी असावा किंवा ज्याचा आहे त्याने त्याला लेखी दिलेला असावा. विचारायला लाजू नका. "तो ओळखीचाच आहे" हे उत्तर इथे चालत नाही. पुढे स्वतःचा परवाना काढायचा तर तो पोलिसांकडून मिळतो, पाच वर्षांसाठी. घरी येऊन बघून जातात.

आता खिसे. आमच्यातल्या एका मुलाने जिवंत काडतूस आठवण म्हणून जॅकेटच्या खिशात टाकलं आणि विसरला. तेच जॅकेट घेऊन दिवाळीला घरी गेला. परतताना तिकडच्या विमानतळावर ते एक्स-रेत दिसलं. आर्म्स ॲक्ट, पोलीस ठाणं, जामीन, वकील. विमान गेलं, रजा संपली, साठवलेले पैसे गेले, आणि पुढे व्हिसाच्या अर्जात खुलासा लिहीत बसावं लागलं. इथेही विनापरवाना एक जिवंत काडतूस जवळ बाळगणं हा १९६८च्या कायद्याने गुन्हा आहे. रिकामी पुंगळीसुद्धा घेऊ नका. पोरांना खेळायला नको, शोकेसमध्ये ठेवायला नको. पिकअपमधून उतरलात की सगळे खिसे उलटे करा, आतला चोरखिसाही. शिंगांचंही तेच: भारतात न्यायच्या भानगडीत पडू नका.

कपडे मळखाऊ रंगाचे आणि न सळसळणारे हवेत. आपले कोट स्वयंपाकघराशेजारच्या खुंटीला असतात, त्यांना फोडणीचा वास लागतो. ते आदल्या रात्री बाहेर टांगा. अत्तर-डिओ बंद. वारा तोंडावर घेऊनच पुढे सरकायचं. शेजारी थांबला की थांबा, का थांबला ते नंतर विचारा. त्याच्या पुढे कधीही जाऊ नका. मचाणावर बसलात तर तो बराच वेळ काही करणार नाही. हरीण समोर येऊनही तो गोळी झाडत नसेल, तर बहुधा मागे माती नाही, नुसतं आभाळ आहे. रायफलची गोळी चुकली की फार लांब जाते.

हरीण पडल्यावर लगेच जवळ धावू नका. तो थांबतो, डोळ्याला काठी लावून बघतो, मग सुरी काढतो. पोट उघडलं की थंडीत वाफ येते. आतडी बाहेर काढताना तो आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या लसीका-गाठी बोटांनी चाचपून पाहतो, सुजल्यात का, पू आहे का. टीबीचा संशय आला तर सरकारला कळवावं लागतं. तुम्हाला बहुधा खांदा मिळेल. गोळीच्या जखमेभोवतालचं मांस सढळ हाताने काढून टाका. खांद्याचा रस्सा करा. पाठीचं मांस मात्र कुकरमध्ये घालू नका. चरबी नसते, चामडं होतं.

कोल्ह्याचं काम रात्रीचं, जास्त करून मार्च-एप्रिलमध्ये, मेंढ्या वितात तेव्हा. पिकअपमध्ये बसायचं, थर्मल दुर्बिणीत कुरण न्याहाळायचं, मधूनच शेजारी सशाच्या किंकाळीचा आवाज काढतो. दुर्बिणीत पांढरा ठिपका दिसला म्हणून "तो बघ" असं ओरडू नका. तो बॅजर (बिज्जूसारखा इथला प्राणी) असू शकतो, ज्याला कायद्याचं संरक्षण आहे, किंवा शेजारणीचं मांजर. गाडीत चिवडा-चकली खाऊ नका. डबा घरी त्याच्या बायकोला द्या, फार आवडतं. आणि २००४च्या हंटिंग ॲक्टवर, म्हणजे कुत्रे सोडून शिकार करण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर, पबमध्ये मत देऊ नका. घोड्यावर बसून, कुत्रे सोडून करायच्या त्या शिकारीवरून इथे अजून घराघरांत भांडणं होतात. लंडनमध्ये परसात कोल्ह्याला चिकन घालणारे आपले मित्रही तिथे आणू नका.

घरी आल्यावर खिसे (हो, पुन्हा) आणि गोचीड. गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, केसांत बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडेपेटी काही नको. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरत गेला किंवा फ्लूसारखा ताप आला, तर जीपीकडे जाऊन हरणांच्या रानात गेलो होतो हे आपणहून सांगा. लाइम या गोचिडीमुळे होणाऱ्या आजारावर अँटिबायोटिक वेळेत सुरू झालं पाहिजे.